शेजारी चालणार नाही: कुठलीही संख्या फिबोनाची संख्यांत मांडायची रीत

हाताशी कागद-पेन आणि दोन मुठी काजूच्या बिया घ्या. एप्रिल-मे महिन्यांत कोकणातल्या बहुतेक अंगणांत बिया वाळत पडलेल्या असतात, त्यातल्या चाळीस-पन्नास उचलल्या तर घरचं कुणी ओरडत नाही. पावसाळ्यात वाचत असाल तर चिंचोके घ्या. गणित म्हणून बेरीज-वजाबाकी एवढंच लागतं. बीजगणिताची एकही पायरी मी खाली वापरलेली नाही, आणि ती टाळण्यासाठी कुठे काही लपवलेलंही नाही.

आपण शिकणार आहोत ती गोष्ट अशी. १ पासून पुढची कुठलीही पूर्ण संख्या घ्या. ती फिबोनाची संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येते. अट एकच: बेरजेत घेतलेल्या कुठल्याही दोन संख्या फिबोनाचीच्या यादीत एकमेकींच्या शेजारी नकोत. ही अट पाळली की त्या संख्येची मांडणी एकाच प्रकारे होते. दुसरी मांडणी निघतच नाही. या विधानाला झेकेंडॉर्फचं प्रमेय म्हणतात.

आधी यादी

एक पुठ्ठा घ्या आणि त्यावर एका ओळीत घरं आखून हे आकडे लिहा:

१, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९, १४४, २३३, ३७७, ६१०, ९८७, १५९७

३ पासून पुढची प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज आहे. शाळेच्या पुस्तकात ही माळ १, १, २, ३ अशी सुरू होते, म्हणजे तिथे १ दोनदा येतो. आपण एकच १ ठेवायचा. दोन ठेवले तर १ ही संख्या ‘पहिला १’ आणि ‘दुसरा १’ अशी दोन प्रकारे लिहिता येईल आणि ‘एकच मांडणी’ हे म्हणणं पहिल्याच पायरीवर पडेल.

यादी पाठ करायची गरज नाही. २ आणि ३ लक्षात असले की पुढचे आकडे बोटांवर निघतात.

वजाबाकी, मोठ्यापासून

समजा २४ बिया आहेत. पुठ्ठ्यावर २४ पेक्षा मोठी नसलेली सगळ्यांत मोठी संख्या शोधा: २१. एकवीस बिया उचलून २१ च्या घरात ठेवा. उरल्या ३. त्यासाठी ३ चं घर आहेच. संपलं. २४ = २१ + ३.

रीत एवढीच आहे. मोठ्यात मोठी काढा, उरलेल्यातून पुन्हा मोठ्यात मोठी काढा, शून्य आलं की थांबा.

आता जरा मोठी संख्या. कोकण रेल्वेची लांबी ७४१ किलोमीटर सांगतात, तीच घेऊ. ७४१ मधून ६१० गेले, उरले १३१. त्यातून ८९ गेले, उरले ४२. ३४ गेले, उरले ८. म्हणून ७४१ = ६१० + ८९ + ३४ + ८. पुठ्ठ्यावर ही घरं पाहा. ६१० आणि ८९ यांच्यामध्ये तीन घरं मोकळी आहेत, ८९ आणि ३४ यांच्यामध्ये एक, ३४ आणि ८ यांच्यामध्ये दोन. शेजारी कुणीच नाही. आपण अट मुद्दाम पाळली नव्हती, ती आपोआप पाळली गेली.

नवखा माणूस बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतो, कारण लहान आकडे हाताळायला सोपे वाटतात. ५० साठी १, २, ३, ५, ८, १३ असं भरत गेलात तर बेरीज ३२ होते. उरले १८. पुढचं घर २१ चं, ते १८ मध्ये बसत नाही, आणि मागची सगळी घरं भरलेली. अडकलात. मोठ्याकडून आलात तर ३४, मग १६ मधून १३, मग ३ आणि काम झालं.

सरावासाठी आपल्या भागातली सालं घ्या, ती हजार-दोन हजारांतली असल्यामुळे चांगली अंगमोड होते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायाभरणीचं साल १६६४: १५९७ + ५५ + ८ + ३ + १. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला ते साल १९८१: १५९७ + ३७७ + ५ + २. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली ते १९९८: १५९७ + ३७७ + २१ + ३. उत्तरं झाकून स्वतः करा, मग ताडून पाहा. तुमचं जन्मसाल राहिलंच, ते मी सोडवून देणार नाही.

शेजारी का येत नाहीत

२४ मधून २१ काढले. २४ ही ३४ पेक्षा लहान होती, नाहीतर आपण ३४ काढले असते. म्हणजे २१ काढल्यावर जे उरतं ते ३४ वजा २१ पेक्षा, म्हणजे १३ पेक्षा, लहानच असणार. मग १३ चं घर भरायचा प्रश्नच येत नाही. जास्तीत जास्त ८ चं भरेल. हेच प्रत्येक पायरीवर होतं: एक घर भरलं की त्याच्या खालचं घर बंद होतं. कुठल्याही आकड्यावर हाच विचार लागू पडतो, त्यामुळे ‘अशी मांडणी नेहमी मिळते’ हा प्रमेयाचा अर्धा भाग इथेच सिद्ध झाला.

एकच का

हा दुसरा अर्धा भाग. मला यातच जास्त गंमत वाटते, आणि शिकवताना लोक नेमका हाच घाईने उरकतात.

अट काढून टाकली तर २४ पाच प्रकारे लिहिता येतात: २१ + ३, २१ + २ + १, १३ + ८ + ३, १३ + ८ + २ + १ आणि १३ + ५ + ३ + २ + १. (एक आकडा एकदाच वापरायचा, एवढं धरून.) पहिली सोडली तर प्रत्येकीत कुठेतरी दोन शेजारी आहेत. पण ‘प्रत्येकीत आहेत’ हे २४ पुरतं बघून झालं. सगळ्या संख्यांसाठी काय?

त्यासाठी एक छोटा प्रयोग. शेजारी न घेता, फक्त ३४ पर्यंतची घरं वापरून जास्तीत जास्त किती बिया मांडता येतील? एक घर सोडून एक भरा: ३४, १३, ५, २. बेरीज ५४. यादीतला पुढचा आकडा आहे ५५. एक बी कमी पडली. २१ पर्यंतच करा: २१, ८, ३, १, बेरीज ३३, आणि पुढचा आकडा ३४. पुन्हा एक कमी. ८ पर्यंत: ८, ३, १, बेरीज १२, पुढचा १३.

हे योगायोगाने होत नाही. ३४, १३, ५, २ च्या मांडणीत एक जादा बी टाका. २ आणि १ मिळून ३ झाले. ३ आणि ५ मिळून ८. ८ आणि १३ मिळून २१. २१ आणि ३४ मिळून ५५. एका बीने सगळी मांडणी वर सरकत एका घरात गेली. म्हणजे ती बी टाकण्याआधी बेरीज ५५ पेक्षा बरोबर एकाने कमी होती, आणि ती तशीच असणार होती.

आता समजा कुणी म्हणालं, माझ्याकडे एका संख्येच्या दोन वेगवेगळ्या मांडण्या आहेत आणि दोन्हींत शेजारी नाहीत. दोन्हींत सारखी असलेली घरं दोन्हीकडून पुसून टाका. बेरजा अजून सारख्याच राहतील. उरलेल्या घरांत सगळ्यांत मोठं घर एकाच मांडणीत असेल, समजा ते ५५ चं. दुसऱ्या मांडणीचं सगळ्यांत मोठं घर मग फार तर ३४. पण ३४ पर्यंतची घरं कितीही भरली तरी ५४ च्या वर जात नाहीत, आणि पहिली बाजू किमान ५५ आहे. सारख्या बेरजेचा दावा तिथेच मोडला.

जाता जाता: १२, २०, ३३, ५४ या संख्या, म्हणजे फिबोनाचीपेक्षा एकाने कमी असलेल्या, अट नसतानाही एकाच प्रकारे लिहिता येतात. करून पाहा.

एदुआर झेकेंडॉर्फ हा बेल्जियमचा लष्करी डॉक्टर, जन्म १९०१ चा. गणित हा त्याचा छंद होता. सिद्धता त्याने १९३९ मध्येच केली होती, पण छापली १९७२ मध्ये. मधल्या काळात १९५२ मध्ये लेकरकर्कर या डच गणितज्ञाने तीच गोष्ट प्रसिद्ध केली. नाव मात्र डॉक्टरचंच टिकलं.

बियांचा डाव

आता बियांचा खरा उपयोग. हा खेळ दोघांचा आहे. मधे बियांचा एक ढीग. पहिल्याने किमान एक बी घ्यायची, पण सगळा ढीग एकदम घ्यायचा नाही. त्यानंतर प्रत्येकाने किमान एक आणि समोरच्याने आत्ताच जेवढ्या घेतल्या त्याच्या जास्तीत जास्त दुप्पट घ्यायच्या. शेवटची बी ज्याच्या हातात गेली तो जिंकला. १९६३ मध्ये हा खेळ ‘फिबोनाची निम’ या नावाने गणिताच्या एका नियतकालिकात आला. पडवीवर पाऊस कोसळत असताना तो अजिबात परदेशी वाटत नाही.

मुलं बसली की ‘पयलो डाव माझो!’ म्हणून ओरडतात. घाई करू देऊ नका, किंवा करू द्या आणि तुम्ही बिया मोजा. ढिगातल्या बियांची संख्या फिबोनाचीच्या यादीत असेल (८, १३, २१ वगैरे) तर नीट खेळणारा दुसरा गडी जिंकतो. यादीत नसेल तर पहिला जिंकतो. जिंकायची रीत एका ओळीची आहे: ढिगाची झेकेंडॉर्फ मांडणी करा आणि तिच्यातला सगळ्यांत लहान आकडा उचला.

१२ बियांचा डाव खेळून बघू. तुम्ही पहिले. १२ = ८ + ३ + १, म्हणून १ बी घ्या. उरल्या ११, आणि समोरच्याला आता १ किंवा २ घेता येतील. समजा त्याने २ घेतल्या. उरल्या ९ = ८ + १, तुम्ही १ घ्या. उरल्या ८. तो पुन्हा फार तर २ घेणार. घेतल्या २, उरल्या ६ = ५ + १, तुम्ही १. उरल्या ५. त्याने १ घेतली तर ४ = ३ + १, तुम्ही १, आणि ढिगात ३ राहिल्या. त्याने १ घेतली तर तुम्ही उरलेल्या २ उचला, त्याने २ घेतल्या तर उरलेली १. दोन्हीकडून शेवटची बी तुमची.

रीत का चालते ते बघायला २४ चा ढीग घ्या. २४ = २१ + ३. तुम्ही ३ घेतल्या. समोरच्याला फार तर ६ घेता येतील, आणि त्याच्यासमोर अख्खा २१ चा गठ्ठा आहे. तो गठ्ठा एका दमात त्याला उचलता येत नाही. हे नेहमीच होतं, कारण मांडणीत शेजारी नसतात. लहान आकड्याच्या पुढचा आकडा किमान एक घर सोडून असतो, आणि एक घर सोडून असलेली फिबोनाची संख्या दुपटीपेक्षा मोठीच असते: ३ ची दुप्पट ६, पण दोन घरं पुढे ८ आहे. ५ ची दुप्पट १०, पुढे १३. शेजारी चालले असते तर? ३ च्या शेजारी ५, आणि ५ हे ६ च्या आत. समोरच्याने ते उचलले असते आणि तुमचा डाव गेला असता.

उलट बाजूने तो मधूनच तुकडा तोडतो तेव्हा उरलेल्या ढिगातला सगळ्यांत लहान आकडा तुमच्या परवानगीत बसतो का? बसतो. समजा त्याच्यासमोर ८ बिया आहेत आणि त्याने १ घेतली. उरल्या ७ = ५ + २. तुम्हाला २ पर्यंत परवानगी आहे आणि हव्यात २ च. त्याने २ घेतल्या असत्या तर ६ = ५ + १, हवी १ आणि परवानगी ४ ची. त्याला ३ घ्यायची मुभा असती आणि त्याने त्या घेतल्या असत्या, तर उरल्या ५, परवानगी ६. कधी बरोबर पुरते, कधी भरपूर उरते, पण कमी पडत नाही. २१ च्या ढिगावर सगळ्या शक्यता मुलांना तपासायला सांगा. एक संध्याकाळ सहज जाते आणि कुणी मोबाइल मागत नाही.

ढीग नेमका १३ चा असेल आणि पहिला डाव तुमचाच असेल तर एक बी घ्या आणि समोरच्याला रीत माहीत नसेल अशी आशा करा. लहान उचल केली की डाव लांबतो, आणि लांबलेल्या डावात तो चुकायची शक्यता वाढते.

दोन मुठी एकत्र करताना

मांडलेल्या दोन संख्यांची बेरीज करायची तर पुठ्ठ्यावरच करता येते. एकाच घरात दोन वाटे आले किंवा शेजारची घरं भरली, तर दुरुस्तीचे दोन नियम:

शेजारची दोन घरं भरली तर दोन्ही रिकामी करून त्यांच्या पुढचं एक भरा. ५ आणि ८ गेले, १३ आला.

एकच घर दोनदा भरलं तर एक वाटा पुढच्या घरात जातो आणि दुसरा दोन घरं मागे. ५ + ५ = ८ + २, ८ + ८ = १३ + ३, १३ + १३ = २१ + ५. अगदी खालच्या टोकाला १ + १ = २ आणि २ + २ = ३ + १ एवढं लक्षात ठेवा.

१९ आणि १६ घ्या. १९ = १३ + ५ + १, १६ = १३ + ३. एकत्र केल्यावर १३ दोनदा आले: त्यांचे २१ आणि ५. आता ५ दोनदा झाले: त्यांचे ८ आणि २. पुठ्ठ्यावर आहेत २१, ८, ३, २, १. मग ३ आणि २ मिळून ५, ८ आणि ५ मिळून १३, २१ आणि १३ मिळून ३४. राहिले ३४ आणि १. पस्तीस. बाजारात हिशेब करायला ही रीत मुळीच घेऊ नका. पण आकडे घराघरांतून सरकताना बघितले की ‘एकच का’ मधली ती एक जादा बी हाताला कळते.

मैल आणि किलोमीटर

हा भाग निव्वळ करमणुकीचा आहे, तरी प्रवासात उपयोगी पडतो. एक मैल म्हणजे सुमारे १.६०९ किलोमीटर. फिबोनाचीच्या यादीत एका घरावरून पुढच्या घरात जाताना संख्या सुमारे १.६१८ पट होते. दोन्ही इतके जवळ आहेत की मैलांचे किलोमीटर करायचे तर मांडणीतला प्रत्येक आकडा एक घर पुढे सरकवायचा. ५० मैल = ३४ + १३ + ३, सरकवले की ५५ + २१ + ५ = ८१. खरं उत्तर ८०.५. उलट करायचं तर मागे सरकवा. कोकण रेल्वेचे ७४१ किलोमीटर म्हणजे ६१० + ८९ + ३४ + ८, मागे सरकून ३७७ + ५५ + २१ + ५ = ४५८ मैल. खरे ४६०.

मात्र बंदरावर ही युक्ती सांगायला जाऊ नका. होडीवर मोजतात तो सागरी मैल, आणि तो १.८५२ किलोमीटरचा. राज्याच्या मासेमारी कायद्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल आहे. युक्तीने १२ = ८ + ३ + १ चे १३ + ५ + २ = २० किलोमीटर येतील, पण प्रत्यक्षात ती हद्द २२.२ किलोमीटरवर आहे. समुद्रात दोन किलोमीटरची चूक म्हणजे गंमत नाही.

हीच रीत छंदात

आता माझा सगळ्यांत आवडता भाग. ज्याच्या नावाने ही माळ ओळखली जाते त्या इटलीच्या फिबोनाचीने १२०२ मध्ये सशांच्या जोड्या मोजल्या, पण ही माळ आपल्याकडे त्याच्या आधीपासून होती. ती आली मात्रावृत्तांतून. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. ठरावीक मात्रांमध्ये लघू-गुरू किती प्रकारे बसवता येतात? एका मात्रेत एक प्रकार, दोनमध्ये दोन, तीनमध्ये तीन, चारमध्ये पाच, पाचमध्ये आठ. कारण शेवटचं अक्षर लघू असेल तर एका मात्रेने कमी असलेले सगळे प्रकार त्याआधी येतात, गुरू असेल तर दोन मात्रांनी कमी असलेले. विरहांक, गोपाल आणि ११५० च्या सुमारास हेमचंद्र या छंदशास्त्रकारांनी हे सांगितलेलं आहे.

छंदशास्त्रात याच्या पुढे एक प्रश्न येतो. सगळे प्रकार ठरलेल्या क्रमाने लिहून काढले की त्याला प्रस्तार म्हणतात. प्रस्तारातली अमुक क्रमांकाची ओळ, सगळा प्रस्तार न लिहिता, थेट कशी काढायची? या रीतीला ‘नष्ट’ म्हणतात. मात्रावृत्तांचं नष्ट म्हणजे आपली वरचीच वजाबाकी आहे.

सहा मात्रा घेऊ. एका ओळीत सहा लघू मांडा आणि त्यांच्यावर डावीकडून १, २, ३, ५, ८, १३ लिहा. एकूण प्रकार १३. पहिली ओळ सगळे गुरू (गुरू-गुरू-गुरू), शेवटची सगळे लघू. समजा सहावी ओळ हवी. १३ मधून ६ वजा करा: ७. सात मांडा: ५ + २. ज्या आकड्यांचा वापर झाला, त्या आकड्याखालची मात्रा आणि तिच्या उजवीकडची मात्रा जोडून एक गुरू करा. २ आणि ३ खालच्या जोडल्या, ५ आणि ८ खालच्या जोडल्या. राहिल्या १ खालची आणि १३ खालची. ओळ झाली: लघू, गुरू, गुरू, लघू. दुसरी ओळ हवी असेल तर १३ − २ = ११ = ८ + ३, म्हणजे लघू, लघू, गुरू, गुरू. पहिल्या ओळीला १२ = ८ + ३ + १, तिन्ही गुरू. शेवटच्या ओळीला शून्य, काहीच जोडायचं नाही.

आता ‘शेजारी नको’ ही अट इथे काय म्हणते ते पाहा. २ च्या घरातला गुरू ३ ची मात्रा घेऊन बसतो. मग ३ च्या घरातून नवा गुरू सुरू होणार कसा? ती मात्रा आधीच खर्ची पडली. शेजारची दोन घरं भरलेली मांडणी म्हणजे एकच मात्रा दोन गुरूंनी वापरलेली ओळ, आणि अशी ओळ वृत्तात असूच शकत नाही. प्रमेयात बाहेरून आणून लावल्यासारखी वाटणारी अट इथे उच्चारातूनच येते. आणि ओळी तेवढ्याच, आकडेही तेवढेच: शून्य ते बारा, तेरा मांडण्या, तेरा ओळी.

शेवटी एक मोठा प्रश्न. मराठीत पादाकुलक या मात्रावृत्ताच्या चरणात १६ मात्रा असतात. सोळा मात्रांचे सगळे प्रकार १५९७. त्यांतली बरोबर हजारावी ओळ कोणती? आधी स्वतः करा, पुठ्ठ्यावरची सोळाही घरं आता लागतील.

१५९७ − १००० = ५९७. त्यातून ३७७ गेले, उरले २२०. १४४ गेले, उरले ७६. ५५ गेले, उरले २१. म्हणून ५९७ = ३७७ + १४४ + ५५ + २१. आता २१-३४, ५५-८९, १४४-२३३ आणि ३७७-६१० या जोड्या जोडा. डावीकडे १ ते १३ ची सहा घरं सुटी, उजवीकडे ९८७ आणि १५९७ ची दोन. हजारावी ओळ: सहा लघू, चार गुरू, दोन लघू. मात्रा मोजा, ६ + ८ + २ = १६. चार-चार मात्रांचे गट पाडले तर चार लघू, मग दोन लघू आणि एक गुरू, मग दोन गुरू, मग एक गुरू आणि दोन लघू. एकही गुरू मधोमध तुटत नाही, म्हणजे ही ओळ चालीवर म्हणताही येते. तिच्यात शब्द भरायचं काम तुमच्याकडे.